उभं गवत

रविवार, १२ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं पत्र परवा मिळालं. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे, स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोच आहे आणि माझ्या कामाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही.

संग्रहालयासाठी डोंगराचं मॉडेल करायचं काम तुला मिळालं, अभिनंदन. फोनवर म्हटलं होतं, पण तेव्हा आई शेजारी उभी होती, त्यामुळे जरा जास्तच गोड बोलले. म्हणून पुन्हा लिहिते.

नमुने दाखवायच्या दिवशी तू उशिरा पोचलीस, म्हणून तुला माहीत नाही. संग्रहालयाच्या बाईंनी आपल्या दोघींचे नमुने एकाच टेबलावर ठेवले होते. माझी टेकडी तू पाहिलीस, गवताचं एकूण एक पातं ताठ. बावीस वर्षं मॉडेलं करतेय मी, गंमत नाही. बाई म्हणाल्या, "सफाई आहे हो तुमच्या हाताला," आणि तुझ्या टेकडीवर वाकल्या. वाकल्या त्या वाकल्याच. "इथून आत्ताच कुणीतरी चालत गेलंय," म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन भाजीत मीठ कमी आहे यावरून आईशी भांडले.

तुला ब्रश धरायला मी शिकवलं. थर्माकोल कापायला मी शिकवलं. माझ्या पुठ्ठ्याच्या घरांवर तू खुशाल बसायचीस, तेव्हाही आई मलाच म्हणायची, "लहान आहे ती." आता तू चाळीशीची झालीस, तरी माझ्या टेकडीवर येऊन बसलीसच की!

आणि वर तुझं हे पत्र. "ताई, अख्खा डोंगर महिन्याभरात करायचाय आणि माझं गवत लावायचं यंत्र बिघडलंय गं. गवत उभंच राहत नाही. नमुन्याचं तर चार दिवस चिमट्याने आणि जुन्या टूथब्रशने उभं केलं, मान मोडली. तू ये ना. तुझ्याशिवाय नाही जमणार मला."



तुझं यंत्र बिघडलेलं नाही. ते अर्धवट आहे. नोव्हेंबरात तू विचारलंस, तेव्हा मी सगळं लिहून पाठवलं होतं. डास मारायची बॅट घे, जाळी काढ, एक वायर चहाच्या गाळणीला जोड, गाळणीत नायलॉनचं बारीक गवत भर, ओल्या गोंदावर धरून बटण दाब आणि हलव. दुसऱ्या वायरीबद्दल लिहिलं, "टेप लावून बंद कर." ती बंद करायची नसते, धाकटे. तिच्या टोकाला खिळा बांधून तो ओल्या गोंदात खुपसायचा असतो. तेव्हा कुठे विजेच्या ओढीने गवत उभं राहतं.

मी विसरले नव्हते. दोघी एकाच कामासाठी नमुने देणार, हे मला तेव्हा कळलं होतं. पेन थोडा वेळ थांबलं, मग टेपचं लिहिलं.

आता गंमत बघ. गवत आडवं पडलं म्हणून तू हाताने लावलंस. म्हणूनच ते कुठे दाट, कुठे विरळ, कुठे तुडवल्यासारखं झालं. बाई भाळल्या त्यावरच. मी तुझा पाय ओढायला गेले आणि तुला वर चढवून आले. हसावं की रडावं तूच सांग.

खिळा लावलास तर डोंगर आठवड्यात उरकेल. हलवताना गाळणीला बोट लावू नकोस, सणसणीत झटका बसतो. पण मग तो डोंगर माझ्यासारखा होईल. स्वच्छ, ताठ, आणि त्यावर कुणाला वाकावंसं वाटणार नाही. हे कबूल करताना हलकं वाटलं, आणि त्याच क्षणी मनात आलं, लाव, लाव एकदाचा तो खिळा. इतकी जळते मी तुझ्यावर.

तेव्हा लावू नकोस. आणि हे सगळं वाचूनही मला बोलावलंस, तर येईन. चिमटा मलाही धरता येतो. कुठे दाट, कुठे विरळ, ते मात्र तू सांगायचंस. मला ते दिसत नाही.

तुझ्यावर जळणारी, तुझीच
ताई