माझ्या वाटचं वाकणं

खारघर

ती. बाबांना सविनय जयभीम.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. सोसायटीच्या जिन्यात घसरले, पाय प्लास्टरमध्ये आहे. टेन्शन घेऊ नका. तुमचे जावई स्वयंपाक करतात आणि मीठ विसरतात. ऑफिसमधून अजून तरी काही विचारणा नाही.

वाकताच येत नाही तर वंदना कशाला, म्हणून मी रुसूनच बसले होते. काल मैत्रीने स्वतःच मेणबत्ती लावली, वाकून वंदना केली. "आई, तू खुर्चीतच बस. तुझ्या वाटचं मी वाकते," म्हणाली आणि बुद्धांच्या फोटोपुढे पुन्हा एकदा कपाळ टेकवलं. कुणाकडून काही करून घेणं मला जमत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. काल मुकाट्याने हात जोडले.

तुमचे गुडघे कसे आहेत? खरं लिहा. मैत्री म्हणते, आजोबांच्याही वाटचं ती वाकेल.

तुमची हट्टी लेक,
निशिगंधा