एक काडी, दोन नाकपुड्या

ती. वन्संना,

साष्टांग नमस्कार. (पत्रातला असल्यामुळे तो पुरेशा अंतरावरूनच होतो आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून कुरकुरतात, की नव्या तेलाने गप्प बसले? सूनबाई, नातवंडं सगळी मजेत असतील अशी आशा करते. हे पत्र वाचण्याआधी दिवसभर उन्हात ठेवावं, असं मी शेवटी लिहिणार होते. मग लक्षात आलं की शेवटापर्यंत पोचेस्तोवर तुम्ही ते वाचून संपवलेलं असेल, म्हणून पाकिटावरच मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

फोन सोडून हिला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुम्हाला वाटेल. तर सध्या मी आतल्या खोलीत राहते आणि तुमचे बंधुराज बाहेरच्या खोलीत. मधलं दार इतकं पातळ आहे की मी कूस बदलली तरी पलीकडून "झोप लागत नाही का गं?" अशी चौकशी होते. (भांडण झालेलं नाही. भांडण झालं असतं तर एकाच खोलीत राहून, पाठ फिरवून, रीतसर भांडलो असतो.) हा सगळा प्रताप एका टेस्टचा आहे. तो पहिल्यापासून सांगते.

तुमच्या भाचीचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. बाळ दिवसांच्या आधी आलं, नाजूक आहे, म्हणून घरी कोरोनाची टेस्ट केल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडायचा नाही. आईबापांनीसुद्धा! टेस्ट त्याच सकाळची हवी आणि तिचा फोटो पाठवायला हवा. लहानपणी मी तिला हात धुतल्याशिवाय ताटावर बसू देत नसे, त्याचं हे व्याजासकट उट्टं. पण बोलायची सोय नाही, कारण ती बरोबर आहे. आणि या महिनाअखेर ती बाळाला घेऊन जावईबापूंच्या नोकरीच्या गावी जाणार. तिथून परत येईपर्यंत नात चालत दारात येईल आणि आम्हाला विचारेल, तुम्ही कोण?

म्हणून मी टेस्टच्या शोधात निघाले. वन्सं, इतकी वर्षं संसार केला, पण एखादी वस्तू बाजारातून अशी गडप झालेली मी पाहिली नव्हती. आमच्या कोपऱ्यावरचे औषधवाले तर मी पायरी चढायच्या आतच मान हलवायला लागत. शेवटी शेवटी मला खोकल्याच्या गोळ्या हव्या होत्या तरी त्यांनी मानच हलवली. पुढच्या चौकातल्या दुकानासमोर रांग होती. तासभर उभं राहिल्यावर कळलं की ती शेजारच्या बँकेची आहे. (फुकट गेलं म्हणता येणार नाही, पासबुक भरून आणलं.) त्या रांगेत एक हिरव्या छत्रीवाल्या बाई भेटल्या. त्यांनी साठेबाजांचा असा काही उद्धार केला की ऐकत राहावं. म्हणाल्या, "लोकांनी घरात डबे भरून ठेवलेत हो! नाकं एवढीशी, साठा केवढा!" मीही भर घातली. अशा माणसांना जनाची नाही तर मनाची तरी लाज हवी, वगैरे बोलले. चार जणांनी माना डोलावल्या तेव्हा फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी लांबच्या दवाखान्याजवळच्या दुकानात गेले. तिथे गल्ल्यावर एक चुणचुणीत मुलगी होती, आणि माझ्या मागे सात-आठ पुरुष. आता आमच्या मिशनच्या शाळेतलं वळण तुम्हाला माहीत आहे. सिस्टर दर सोमवारी रुमाल तपासायच्या, पण तो रुमाल वापरलेला कधी दिसता कामा नये. सभ्य मुलींना नाक हा अवयव असतो तो चष्मा टेकायला, एवढंच आम्ही शिकलो. शाळा सुटून जन्म गेला, तरी चारचौघांत "नाकातली टेस्ट" हे शब्द काही माझ्या तोंडून फुटेनात. मी पुढे वाकून हळूच म्हटलं, "ती घरच्या घरी करायची असते ना… दोन रेघांची." मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग तिच्या डोळ्यांत इतका आदर दाटून आला की मला वाटलं, टेस्ट मिळवणारी मी आज पहिलीच. तिने खोका कागदात गुंडाळून दिला आणि म्हणाली, "काळजी घ्या हं, काकू. जड उचलू नका."

घरी आल्यावर ह्यांनी चष्मा लावून आतला कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. जन्मभर पूल बांधले, त्यामुळे सूचना वाचल्याशिवाय हे साधी उदबत्तीही लावत नाहीत. वाचून झाल्यावर अगदी शांतपणे म्हणाले, "यात नाकाचा कुठे उल्लेख नाही." मग खोका उलटा करून मला दाखवला. त्यावर बाळाचं चित्र होतं. मी खोका पदराखाली झाकला. हे मात्र गंभीरपणे म्हणाले, "बाळाला भेटायलाच जायचंय, तेव्हा विषय अगदीच सोडून नाही."

तो खोका परत करायला जायची माझी छाती होईना. (ती मुलगी काय समजली असती? हळहळली असती बिचारी.) पण देवाची करणी बघा. आमच्या डोक्यावर राहणारी नवी नवरी जिन्यात भेटली, तिच्यापाशी मी आपली फजिती हसत हसत सांगितली. ती हसली नाही. लालबुंद झाली, जिन्यात वरखाली पाहिलं आणि कुजबुजली, "काकू, तो खोका मला द्याल? ऑफिसातून मिळालेली तुमची ती टेस्ट आहे माझ्याकडे. एकच आहे." तिथल्या तिथे आमची अदलाबदल झाली. दोघीही पदराआड, ओढणीआड लपवत आपापल्या दारात शिरलो, चोरीचा माल असावा तसा.

तर टेस्ट एक आणि माणसं दोन. आमच्याकडे अर्धं अर्धं करायची जुनी सवय. बिस्कीट अर्धं, वर्तमानपत्र अर्धं, डोकेदुखीची गोळीसुद्धा सुरीने अर्धी. (डोकं एकाचंच दुखत असलं तरी.) हे पुन्हा कागद घेऊन बसले आणि त्यांचा चेहरा उजळला. कागदावर लिहिलं होतं, काडी दोन्ही नाकपुड्यांत फिरवावी. म्हणाले, "दोन नाकपुड्याच हव्यात ना? एक तुझी, एक माझी." मी म्हटलं, "अहो, असं कुठे असतं का?" तर म्हणाले, "आम्ही दोन गाड्यांचं काँक्रीट एकत्र करून एकच ठोकळा तपासायचो. ठोकळा पास, दोन्ही गाड्या पास." मला पटलं. आधी मी काडी फिरवली (भिंतीकडे तोंड करून), मग ह्यांनी. एकाच नळीत बुडवली, थेंब टाकले आणि दोघं टेबलाशी हात बांधून बसलो, परीक्षेच्या निकालाला बसावं तसे.

एक रेघ आली. मग तिच्या शेजारी दुसरी उमटली, पुसट, पण हसल्यासारखी स्पष्ट.

मी विचारलं, "आता ही कोणाची?" ह्यांनी कागद पुन्हा उलटसुलट करून पाहिला. ठोकळा नापास झाला तर कोणती गाडी परत पाठवायची, हा प्रश्न त्यांना नोकरीत कधी पडला नव्हता, कारण त्यांचा ठोकळा कधी नापासच झाला नाही. शेवटी म्हणाले, "माझीच असणार." मी म्हटलं, "तुमची कशाने? माझीच." त्यावरून आम्ही असे वाद घालत बसलो की जणू ती रेघ म्हणजे सोन्याची साखळी आहे. तेवढ्यात वरच्या मजल्यावर धावपळ, हसणं, काहीतरी पडल्याचा आवाज आणि पुन्हा हसणं ऐकू आलं. तिथेही दोन रेघा उमटल्या होत्या.

डॉक्टरांना फोन केला. आधी ते पोटभर हसले. मग म्हणाले, वेगवेगळ्या खोल्यांत राहा, आणि आठवडाभराने जो ठणठणीत असेल आणि नव्या टेस्टमध्ये स्वच्छ निघेल, त्याने खुशाल नातीला भेटायला जावं. दुसऱ्याने दोन आठवडे घर सोडायचं नाही. म्हणजे लेक निघायच्या आत आमच्यापैकी एकाचीच भेट होणार. इथे मात्र अर्धं अर्धं करता येत नाही.

बाकी सर्व क्षेम. मी अगदी छान आहे. स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणून परवापासून तो ह्यांच्यावर सोपवला आहे. मीठ चमच्याने सपाट करून मोजतात. ताट दारापाशी ठेवून खुर्ची मागे ओढतात आणि "कसं झालंय?" म्हणून विचारतात. मी मनापासून वाहवा करते. सगळ्यांना यथायोग्य सांगावं.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. साठेबाजांबद्दल वर जे लिहिलं आहे ते तुम्हाला उद्देशून मुळीच नाही. तुमच्या चादरींच्या कपाटात, खालच्या खणात, टेस्टचे सहा खोके आहेत हे सूनबाईंनी मला कालच फोनवर बोलण्याच्या ओघात सांगितलं. ह्याला साठा म्हणत नाहीत, दूरदृष्टी म्हणतात. त्या हिरव्या छत्रीवाल्या बाई पुन्हा भेटल्या तर मी त्यांना तसं स्पष्ट सांगेन. तर त्यातला एक खोका तुमच्या चिरंजीवांनी कामावर जाताना आमच्या दाराच्या कडीला अडकवावा, ही विनंती.

दुसरा ता. क. एकच पाठवा, दोन नकोत. परवा मी गॅसपाशी उभी होते आणि हे बाहेरच्या खोलीतून ओरडले, "दूध करपलं का गं?" पातेलं माझ्या नाकासमोर होतं, काळं ठिक्कर, आणि मला काहीसुद्धा वास आला नव्हता. मी म्हटलं, "शेजाऱ्यांचं असेल." पातेलं पलंगाखाली दडवलं आहे. मीठही मला कळत नाही, म्हणून तर वाहवा इतकी मनापासून होते. डॉक्टरांना सगळं सांगितलं आहे. ताप नाही, तुम्ही घाबरू नका. पण ह्यांचं नाक तुमच्यासारखंच तिखट आहे. हे स्वच्छ निघणार. तेव्हा टेस्ट त्यांच्यासाठी हवी.

तिसरा ता. क. हे शेवटचं. आपली लेक झाली तेव्हा हे पुलाच्या कामावर होते, नदीला पूर होता आणि कोणी सोडेना. घरी आले तेव्हा तिला दात आले होते. तिने ह्यांना पाहून भोकाड पसरलं, आणि हे चप्पल न काढता दारातच उभे राहिले. वन्सं, तुमच्या भावाने तान्हं मूल कधी हातात घेतलेलं नाही. ते स्वतः हे कधी बोलायचे नाहीत. आत्तासुद्धा दारावर टकटक करून सांगताहेत, "ताईला लिही, एखादी टेस्ट असली तर बघ म्हणावं, हिला नातीकडे जायचंय." मी "बरं" म्हटलं आहे. तुम्ही मात्र खोक्यावर तुमच्या अक्षरात लिहा की हे तुझ्यासाठी आहे आणि वाद नको. माझ्याशी ते वाद घालतात, तुमच्याशी घालायची त्यांची प्राज्ञा नाही. आणि तान्ह्या बाळाची मान कोपरात कशी घ्यायची, ते मला दाराआडून सांगता येत नाही. सांगितलं की कोण जाणार ते त्यांना लगेच कळेल. तेवढं तुम्ही एका कागदावर चित्र काढून आत घाला. मापं टाकायला विसरू नका. आराखडा पाहिल्याशिवाय त्यांनी आजवर काहीच उचललेलं नाही.