पाल्याला आमंत्रण

डोंबिवली, रविवार, ता. २२ नोव्हेंबर १९५३

ती. गुरुदत्तभावोजी आणि सौ. नीलाताई यांना श्रीपादचा साष्टांग नमस्कार. भावोजी, तुमचा खोकला आता बरा असेल आणि मला दम भरायचा ताईचा उत्साहही शाबूत असेल. तिनं पाठवलेला फराळाचा डबा पोचला आणि (सौ. हेमा लिहू नका म्हणते) त्याच दिवशी संपला. ऑफिस सुटल्यावर मागे थांबून, कार्बन घालून चार-चार प्रती काढत तुम्ही माझा प्रबंध टाइप करताय, त्याबद्दल मी काय लिहू? मला सख्खा भाऊ नाही, याची आठवणही तुम्ही होऊ दिली नाहीत. पंधरा डिसेंबरला प्रबंध दिला नाही तर कॉलेजातली नोकरी जाते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तरी शेवटचं प्रकरण महिनाभर का रखडलं, ते आज सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझा पाय चिघळला तेव्हा दारावर भाजी आणणाऱ्या मानपाड्याच्या सखुबाईनं एक पाला वाटून बांधला आणि आठ दिवसांत मी चालू लागलो. तोच मी प्रबंधाला घेतला. तिनं आणलेल्या पहिल्या पाटीनं कमाल केली. काचेच्या बशीत रस टाकला की भोवतालचे जंतू साफ! शेंगदाण्याच्या तेलात पाला घातला तर तेल दीड महिना खवट झालं नाही (वास घ्यायचं काम हेमाकडे होतं, प्रबंधात तिचं नाक 'अनुभवी परीक्षक' म्हणून आलं आहे). पण आमचे सर महासंशयी. म्हणाले, पुन्हा करून दाखवा. आता मी पडलो शास्त्रज्ञ, भाजीवालीवर कशाला अवलंबून राहू? एका पहाटे कॉलेजच्या घाईत स्वतःच मानपाड्याच्या बांधावरून पिशवीभर पाला ओरबाडून आणला. जंतूंनी तो पाहुणचार समजून घेतला आणि बशीत मावेनात इतके वाढले. पहिलाच प्रयोग चुकला असणार, विषय बदला, असं सरांनी शांतपणे सांगितलं. दोन वर्षं पाण्यात गेली, भावोजी. त्या दिवशी मी जेवलो नाही (चहा घेतला, पण बिस्किटाशिवाय).

उरलेला पाला घेऊन सखुबाईकडे गेलो. तिनं पान चुरगाळून हुंगलं आणि पोट धरून हसली. "यो तो पाला नाय बाला, यो त्याचा भाऊस हाय. आमंत्रन दिलेलास का?" औषध असं जाता जाता तोडत नाहीत म्हणे. आदल्या संध्याकाळी झाडाजवळ अक्षता-सुपारी ठेवून 'उद्या न्यायला येतो' म्हणायचं, मग पहाटे आणायचं. माझी बी.एस्सी. उफाळून आली होती, पण नोकरी आठवून गिळली. मग एका शनिवारी कॉलेजातून थेट, कोट-पाटलोणीत बांधावर उकिडवा बसलो आणि एका झुडपाला हात जोडले. सखुबाईचा शेजारी राघो बैल घेऊन चालला होता, त्यानं लग्न कुणाचं म्हणून चौकशी केली. पण त्याआधी सखुबाईनं मला पाच झुडपांपुढे बसवलं होतं. देठ बघ, पानामागची लव बघ, वास घे. चार नुसते दिसायला सारखे, भाऊस निघाले, एक खरा. पहाटेच्या अंधारात त्यातलं कुठलं तोडायचं, ते मग अक्षताच दाखवतात. आमच्याकडे याच कामाला झाडाला चिठ्ठी बांधतात आणि त्याला शास्त्र म्हणतात. या पाल्यानं जंतू तीनही वेळा साफ केले. सरांनी बशीतली साफ जागा स्वतःच्या पट्टीनं मोजली आणि फक्त 'हं' म्हणाले. मला रडू आलं. ते शेवटचं प्रकरण सोबत पाठवत आहे.

तुम्हां दोघांचा आणि सखुबाईचा मी जन्माचा ऋणी आहे.

आपला,
श्रीपाद

ता. क. पान तीनवर 'पाला लेखकाने स्वतः गोळा केला' असं मी लिहिलंय. (लेखकानं स्वतः गोळा केला, तो जंतूंनी खाल्ला.) त्याची मला लाज वाटते. तेवढी ओळ खोडून 'मानपाड्याच्या सखुबाईंनी ओळखून दिला' अशी कराल का?

आणखी एक. नाव घालायचं तर विचारायला हवं, म्हणून आज सकाळी तिला विचारलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि अट घातली: माझं नाव घाल, पण पाल्याचं घालू नको, ते चारचौघांत गेलं की औषधाचा गुण जातो. मी तिला शब्द दिला. घरी येऊन मोजलं तर पाल्याचं मराठी नाव प्रबंधात एकशे सदतीस ठिकाणी आहे, पहिलं मुखपृष्ठावरच. तेवढ्या ठिकाणी कृपा करून लॅटिन नाव घालावं. मानपाड्यात लॅटिन कुणालाच येत नाही, तेव्हा शब्दही राहील आणि नोकरीही. शनिवारी खोडरबर घेऊन मी ठाण्याला येतो. कार्बनच्या तिन्ही प्रती मी खोडीन. ताईला मात्र आधी तुम्हीच सांगा.