जोडीदार तपासणी दिवस

४ जानेवारी, सकाळी ७
नवी वही. बायकोला दिवस गेलेत, सातवा आठवडा. संकल्प तीन. रोज चालणे. तिच्यावर न चिडणे. तिची रक्ततपासणी या आठवड्यात उरकणे. तिसरा सगळ्यात सोपा, कारण मी थॅलेसेमिया केंद्रात समुपदेशक आहे आणि लॅब माझ्या टेबलापासून अकरा पावलांवर.

मी स्वतः थॅलेसेमिया मायनर. म्हणजे आजार नाही, फक्त वाहक. तीही मायनर निघाली तरच भानगड. मग बाळ मेजर असण्याची शक्यता चारात एक, आणि मेजर म्हणजे जन्मभर दर तीन आठवड्यांनी रक्त चढवणं. हे वर्गात इतक्यांदा बोललोय की झोपेतही सांगेन. तिला मात्र माझं मायनरपण लग्नाआधी सांगायचं राहून गेलं. नंतर विषय निघाला नाही. मुद्दाम काढला की माणसं उगाच घाबरतात.

७ जानेवारी
थंडी. चालणं रद्द. बायकोला मळमळतंय, त्यात सुई कुठे टोचायची? पुढच्या आठवड्यात नक्की. शिवाय ती कॉलेजात लांब उडीत पहिली यायची. असली बाई कसली मायनर!

१८ जानेवारी
आज शनिवारचा वर्ग. विषय लग्न आणि मुलं. अकरा जण, सगळे मेजर, विशीतले. तिघांच्या हाताला रक्ताची नळी लावलेलीच. मी सांगितलं की सारखं रक्त चढवून अंगात लोह साचतं, त्यामुळे पाळी उशिरा येते, मूल व्हायला वेळ लागतो, पण आई-बाप होता येतं. आधी हृदय आणि यकृत तपासा, कुठलं औषध कधी थांबवायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि सगळ्यात आधी जोडीदाराची तपासणी. वर्ग रंगला.

मग वकीलबाईंनी हात वर केला. वय तेवीस, कायद्याशी संबंध शून्य, उलटतपासणीमुळे हे नाव पडलंय. विचारते, सर, तुम्ही मायनर ना, मग मॅडमची तपासणी कधी केली? मी म्हणालो, लग्नाआधीच, नॉर्मल. टाळ्या पडल्या. खोटं म्हणता येणार नाही. रिपोर्ट नॉर्मलच येणार, फक्त तारीख मागेपुढे.

१ फेब्रुवारी
एक अडचण. आमच्या लॅबच्या रजिस्टरात वाहकाच्या नावापुढे जोडीदाराचं नाव आणि तारीख लिहितात, आणि आताची तारीख पडली की प्रश्न येणार. टेक्निशियन त्या दिवशी वर्गात होता, त्यानेही टाळ्या वाजवल्या. बाहेरच्या लॅबवाल्यांनाही मीच भाषणं दिलीत. पण डोकं चालवलं! केंद्रातर्फे 'जोडीदार तपासणी दिवस' ठेवायचा. गर्दीत आमचंही एक नाव खपून जाईल. १५ फेब्रुवारी पक्की.

१३ फेब्रुवारी
पोस्टरचा लाल रंग फारच भडक आला. असलं काम माझ्या हातून बाहेर जाणार नाही. दिवस १५ मार्चवर ढकलला. आता तेरावा आठवडा लागेल. बाळाची तपासणी करायची तर हाच काळ चांगला, असं मी सगळ्यांना बजावतो. पण ते ज्यांचं काही निघालंय त्यांच्यासाठी.

२० फेब्रुवारी
बायकोला दम लागतो. हिमोग्लोबिन कमी. तिच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दोघांच्या घरात कुणाला रक्ताचा आजार? बायको नाही म्हणाली. मी शेजारीच होतो, पण प्रश्न तिला होता. लोहाच्या गोळ्या दिल्या. हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोहावर भागवू नका, मायनर आहे का तेही बघा, हे माझंच वाक्य. पण ती जेवतच नाही धड, दुसरं काय असणार? रोज गोळी मीच हातावर ठेवतो. असा नवरा मिळायला नशीब लागतं.

१५ मार्च
दणदणीत दिवस. एकोणीस जोड्या आल्या. वकीलबाईंनी होणाऱ्या नवऱ्याला दंडाला धरून आणलं. तो नॉर्मल निघाला आणि ती तिथेच रडायला लागली. सगळ्यांसमोर म्हणाली, सर बोलतात तसं स्वतः वागतात, म्हणून मला धीर आला. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.
बायकोला आणलं नाही. लिफ्ट बंद होती आणि तिला जिने चढवणं बरं नव्हे.

२ एप्रिल
गोळ्यांचा काही उपयोग नाही. डॉक्टरीणबाईंनी मला न विचारता तिचं रक्त वेगळ्या तपासणीला पाठवलं. बायकोला म्हणालो, नेहमीचंच असतं.

५ एप्रिल
मायनर.
विसावा आठवडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांचीही तपासणी आजच करू. मी म्हणालो, झालेली आहे, मायनर. बायकोने विचारलं, कधी? नऊ वर्षांपूर्वी, मी म्हणालो. मी म्हटलं, थांब, तुला सगळं नीट समजावतो, माझं कामच आहे ते. ती म्हणाली, तुम्ही बाहेर बसा.
बसलो. काचेतून दिसत होतं. मी समजावताना माणसं जिथे जिथे मान हलवतात, डॉक्टरीणबाईंसमोर तिथे तिथे तीही हलवत होती.

९ एप्रिल
गर्भाभोवतीचं पाणी काढून तपासायला दिलं. ती आईबरोबर गेली. मला येऊ नका म्हणाली, आवाज न चढवता. चिडली असती तर बरं झालं असतं.

१२ एप्रिल
वर्ग घेतला. चारात एक आलं तिथे पान उलटलं. वकीलबाईंनी आज काहीच विचारलं नाही. केंद्रात बातमी लपत नाही.

२१ एप्रिल, दुपारी ३
फोन तिच्या मोबाइलवर आला. मला सासूबाईंनी सांगितलं. मेजर.
ती आतल्या खोलीत आहे. अशा आईबापांशी कसं बोलायचं ते मी दहा वर्षं शिकवतोय. आधी बसायचं. आवाज खाली ठेवायचा. यात कुणाचीही चूक नसते, असं पहिलं वाक्य. दाराबाहेर उभा राहून दोनदा म्हणून पाहिलं. मग दार न वाजवताच परत येऊन ही वही उघडली.
पुढे काय करायचं ते उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन ती ठरवणार आहे. सासूबाई सोबत जातील. मला विचारलेलं नाही.