शकू जायच्या आत

५ सप्टेंबर १९९९, रविवार
सकाळी वीणाचा फोन. तिकडे अमेरिकेत शनिवारची रात्र. शकू खुर्ची ओढून बसली, बोलली, हसली, मधेच पदराने डोळे टिपले, पुन्हा हसली. मी समोर पेपर धरून, पेपरवरून तिचं तोंड बघत. एवढं सगळं झाल्यावर फोन ठेवून बायको मला काय सांगते? "बरी आहे म्हणते."

मग रडलीस कशाला, विचारलं. "ते असंच हो."

पोटची मुलगी माझ्यापर्यंत अशी गाळून येते. चहा शकूला, चोथा मला.

चिकपेटच्या आमच्या कापडदुकानात माझे कान गेल्याचं कुणाला कळलंसुद्धा नाही. गिऱ्हाईक बोटाने ठाण दाखवतं, मी बोटांनी भाव सांगतो. फोनला बोटं नाहीत. कानातलं यंत्र रिसीव्हरजवळ नेलं की नुसती शिट्टी. म्हणून रिसीव्हर हातात आला की मी "हं, हं, आईला देतो" म्हणून मोकळा. पत्रं लिहितो, पण तिला हाताने लिहायला वेळ कुठे. माझ्या पत्राचं उत्तर ती फोनवर देते, म्हणजे शकूला.

आज शकू म्हणाली, "विचारत होती, अप्पा अजून रागावलेत का? माझ्याशी बोलतच नाहीत." लग्न तिने स्वतः ठरवलं तेव्हा धुमसलो होतो, खरं आहे. पण ते कधीच विरलं. सांगू का कानाचं, शकूने विचारलं. नको म्हटलं. पोटुशी बाई, जिवाला घोर कशाला. आणि सांगायचं तर मी सांगेन. दुसऱ्याच्या तोंडून नको.

शकू २३ ऑक्टो.ला वीणाच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणार. मग या घरात फोन वाजला तरी ऐकणारं कोणी नाही. तेव्हा ठरलं. इंटरनेट घ्यायचं. लिहिलेलं त्याच दिवशी पोचतं, कान लागत नाहीत. शकू जायच्या आत.

९ सप्टें.
वीणाची मैत्रीण सुषमा इलेक्ट्रॉनिक सिटीहून आपला जुना कॉम्प्युटर घेऊन आली. रिक्षात मांडीवर धरून आणला पोरीने. इंटरनेटच्या कंपनीत नाव नोंदवायचं कामही तिनेच केलं. मला टाइप करायला शिकवलं. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. माझं मराठी पाहुण्याचे कपडे घातल्यासारखं दिसतं. असू दे.

कंपनीचा माणूस आठवड्यात येईल.

१३ सप्टें. गणेश चतुर्थी
आला नाही. गणपती आले.

२१ सप्टें.
आला! शर्मा नावाचा, लखनौचा. मॉडेम म्हणून एक डबी जोडली, फोनची वायर तिच्यात खुपसली. डबीचे दिवे लुकलुकायला लागले आणि शकू कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, हे काय बोंबलतंय!" मला काहीच नाही. या घरात ज्याला त्या डबीचा त्रास नाही असा मी एकटाच.

बोंबलून झाल्यावर पडद्यावर पाटी. नाव किंवा पासवर्ड चूक. पुन्हा तेच. पुन्हा. शर्मा म्हणाला, ऑफिसातून दुरुस्त होईल, नाही झालं तर हेल्पलाइनला फोन करा.

२७ सप्टें.
दुरुस्त झालेलं नाही. हेल्पलाइन.

म्हणजे ज्याला फोन ऐकू येत नाही म्हणून इंटरनेट हवंय, त्याने इंटरनेटसाठी फोन करायचा. ज्याने ही व्यवस्था लावली त्याला कोपरापासून नमस्कार.

फोनवर शकू बसली. पलीकडचा इंग्रजी बोलणार, शकूला मराठी आणि कन्नड. "कन्नडा बरुत्ता?" नाही. मग तो एकेक शब्द सांगणार, शकू तो माझ्या कानाशी ओरडणार, मी काहीतरी दाबणार. "तो म्हणतो, डाव्या हाताला खाली काय आहे?" "टेबलाचा खण आहे." "सरी, बरं, तेच सांगते." बराच वेळ असं चाललं. शेवटी शकूने रिसीव्हर सरळ मॉडेमपुढे धरला. "घ्या, तुम्हीच बोला एकमेकांशी."

मग आम्ही दोघंही एवढं हसलो, की फोन कधी बंद झाला कळलं नाही.

३ ऑक्टो., रवि.
वीणाचा फोन. आज शकूने जास्त सांगितलं, बहुतेक माझी कीव येऊन. पाय सुजलेत. बाळ फार लाथा मारतं. तारीख दिवाळीच्या सुमारास. आणि, "अप्पांना म्हणावं, तुमचं सुरू झालं की पहिलं पत्र मला."

पहिलं पत्र तयार आहे. डोक्यात. 'वीणा, मी रागावलेलो नाही. मला ऐकू येत नाही.' एवढंच. सुषमाने शिकवलेल्या अक्षरांत जमेल तेवढं.

तिची फार आठवण येते मला. वीणाची. हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

९ ऑक्टो.
स्वतःच कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरची मुलगी बोलत राहिली, मी मान हलवत राहिलो, नेहमीसारखा. दारापर्यंत परत आलो आणि माझा मलाच संताप आला. परत फिरलो, कागद मागितला, त्यावर इंग्रजीत लिहिलं, मी बहिरा आहे, लिहून सांगा.

जन्मात पहिल्यांदा लिहिलं. आकाश कोसळलं नाही. मुलीने मोठ्या गोल अक्षरांत लिहून दिलं, सोमवारी १८ तारखेला इंजिनिअर येईल, नक्की. 'नक्की'खाली दोन रेघा. मग हात जोडून हसली.

अनोळखी पोरीला सांगता आलं. असो.

१८ ऑक्टो., सोम. खंडेनवमी
आज सोमवारी नवमी येतेय हे त्या दिवशी माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. त्या मुलीच्याही नसावं.

सकाळी दुकानात आयुधपूजा. कात्री, गज, शिलाई मशीन, धाकट्या भावाची, गोविंदाची स्कूटर, सगळ्यांना गंध-फूल. दारात कोहळा फोडला. घरी आलो तर शकूने कॉम्प्युटर न्हाऊन आलेल्या नवरीसारखा सजवलेला. झेंडूची माळ, पडद्याच्या कपाळी कुंकू, मॉडेमपुढे विडा. अर्धवट का असेना, घरातलं नवं आयुध. मी हसलो, पण बरं वाटलं. दोघांनी मिळून आरती केली.

आणि शर्मा आला. सुट्टीच्या दिवशी! याच्या आधी कितीदा वाट बघायला लावली, आणि आज हजर. हातात नवी डबी.

शकू दारातच आडवी. "आज नाही. उद्या या. पूजा झालीय."

शर्माला कळेना. मला खूण करतो, अंकल, दोन मिनिटांचं काम. आता त्याला कसं सांगू. पूजेला बसवलेलं हत्यार नवमीला उचलायचं नाही, दसऱ्याला उचलायचं. आमच्या दुकानात बापजाद्यांपासून. एकदा लग्नाचं गिऱ्हाईक अडून बसलं होतं तरी आमच्या वडिलांनी कात्री उचलली नव्हती. शकू या घरात आली तेव्हा हे मीच तिला शिकवलं.

मी म्हटलं, "अगं, दोन मिनिटं. शकू, पाया पडतो."

ती माझ्याजवळ आली, कानाशी. ओरडली नाही, सावकाश बोलली, तोंड वाचता येईल असं. "पोर अवघडलेली आहे हो. आज काही मोडायला नको."

तिची समजूत वेडी असेल, पण भीती खरी होती. आणि तीच भीती, खरं सांगायचं तर, मलाही होती. मी शर्माला हात जोडले. त्याने कॉफी घेतली, विडा खिशात घातला, माळेकडे बघून मॉडेमलाही नमस्कार केला आणि गेला. उद्या सुट्टी. पुढची तारीख कंपनी कळवील.

कळवील म्हणजे फोन करील.

१९ ऑक्टो. दसरा
आपटा. पुरणपोळी. आयुध उचललं, म्हणजे माळ काढली. पाटी तीच. शकूने गोविंदाकडून कंपनीला फोन करवला. शर्मा दुसऱ्या भागात, नवी तारीख दिवाळीनंतर.

शकू दिवसभर माझी नजर चुकवतेय. तिला वाटतंय मी रागावलोय. या घरात सगळ्यांना नेहमी हेच का वाटतं?

२३ ऑक्टो.
शकू गेली.

विमानतळावर विचारलं तिने, "तिथे गेल्यावर ती म्हणाली, अप्पा का बोलत नाहीत, तर मी काय सांगू?"
"सांग, इंटरनेट येतंय."
मग तिने माझ्या शर्टाच्या खिशात लोणच्याच्या कपाटाची किल्ली घातली. गेली.

मी मागे हात हलवत राहिलो. चष्म्यावर धुकं.

२९ ऑक्टो.
भात जमतो. सारू, म्हणजे आपलं सार, पांचट होतं. घर एवढं शांत, की शांत आहे हे बहिऱ्यालाही कळतं.

फोन टेबलावर आणून ठेवलाय. हिरवा, जुना. वाजत असेलही. येता-जाता त्याच्याकडे संशयाने बघतो.

२ नोव्हें.
गोविंदा आला. चिकपेटहून यशवंतपूरपर्यंत भर ट्रॅफिकमध्ये स्कूटरवर. शकूचा फोन आला होता त्याच्याकडे. दोघी बऱ्या. कधीही होईल. इथे तीनदा लावला म्हणे, वाजत राहतो, कोणी घेत नाही. काळजीत आहेत.

म्हणजे वाजला होता. तीनदा. आणि मी शेजारी बसून टोमॅटो चिरत असणार.

गोविंदा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "अण्णा, मी सांगून टाकतो की वीणीला! त्यात काय एवढं?" नको म्हटलं. "मग तू कधी सांगणार?" शर्मा आला की. "आणि शर्मा नाही आला तर?"

त्याला कॉफी केली. तीही पांचट.

४ नोव्हें.
एक गोष्ट कळली. धुणंवाली चौडम्मा टेबल पुसत होती, एकदम थबकली, माझा हात धरून फोनवर ठेवला. थरथरत होता! आतली घंटा हाताला लागत होती. मी उचलीपर्यंत, चौडम्माच्या हातात देईपर्यंत बंद.

पण थरथरतो.

७ नोव्हें., रवि. लक्ष्मीपूजन
रविवार. वीणाच्या फोनची वेळ. गल्लीत फटाके, खिडकीच्या काचेला हात लावला की कळतात. अंघोळ करून, नवा शर्ट घालून टेबलाशी बसलो. डावा हात फोनवर.

बसलो. पेपर एका हाताने उलटवायला जमत नाही.

आणि थरथरला.

उचलला. यंत्र काढून ठेवलं होतं, तसंही उपयोग नाही. पलीकडे कोणीतरी बोलत असणार. नेहमीसारखं तोंडात आलं, हं, हं, आईला देतो. द्यायला आई नव्हती.

मग मला अक्कल आली, एवढ्या उशिरा. ऐकू येत नाही, पण बोलता येतं! फोनच्या या टोकाला माझी काहीच अडचण नाही. इतकी वर्षं मी ऐकायचं म्हणून घाबरत होतो, बोलायचं कुणी अडवलं होतं?

म्हटलं, "वीणा. तू असलीस तर ऐक. बोलू नकोस, मला ऐकू येत नाही. कान गेलेत माझे. आईला मीच सांगू दिलं नाही. मी रागावलेलो नाही गं. कधीचाच नाही. पाय उशीवर घेऊन झोप. बाळ झालं असलं तर... झालं असलं तर बरंच झालं. मला तुझी फार आठवण येते." मग आणखी काय सांगावं सुचेना, म्हणून सारू पांचट होतं तेही सांगितलं. शर्माचं सांगितलं. आवाज मोठा निघाला असावा, समोरच्या गॅलरीत दोघं येऊन उभे राहिले. मग रडू आलं, तेव्हा ठेवला.

पलीकडे कोण होतं माहीत नाही. वीणा असेल. गोविंदा असेल. कंपनी तारीख कळवत असेल, तर बिचारी कंपनी.

हे उजव्या हाताने लिहितोय. डावा तिथेच ठेवलाय.

परत थरथरतोय. उचलतो.