तिसरा भाग बाइंडिंगला

१७ जून २०१७, शनिवार
शाळा उघडली. आतल्या खोलीत आता आठवी-नववीची फाउंडेशन बॅच बसणार, म्हणून माझी ग्रंथालयाची दोन कपाटं व्हरांड्यात. मु.अ. म्हणाले, "मॅडम, पुस्तकं काय पळून जात न्हाईत." खरंय. पोरंच पळून गेली, पुस्तकं कुठं जातील.

बोटवाल्या पोरीच्या गोष्टीचा तिसरा भाग आला. गोष्टीच्या पुस्तकांचं हे शेवटचं पार्सल, पुढं फक्त गाइडं घ्यायची असं ठरलंय. दाखल नोंदवहीत चढवलं, शिक्का मारला, आणि आधी मीच घरी आणलं. रिक्षात बसूनच चार प्रकरणं. चाळिशीची बाई जादूच्या बोटीसाठी जीव टाकते म्हणून स्टाफरूममध्ये हसतात. हसा.

भाचीला, ऋतुजाला, सांगितलं नाही अजून.

२१ जून
बालाजीचा फोन, हिमायतनगरहून. "आक्का, पोरगी बारावीला हाय. आता नाद लावू नको."

मागच्या दिवाळीत तिच्या बॅगेत पहिला नि दुसरा भाग सापडला होता. मीच दिलेले. अकरावीच्या टेस्टला मार्क घसरले होते, खापर पुस्तकांवर. तेव्हा म्हणाला होता, "म्या पोरगी तुझ्याकडं लातूरला सायन्सला ठिवली. गोष्टी ऐकायला न्हाई." मी शब्द दिला. माझा धाकटा भाऊ, पोटच्या पोरासारखा वाढवला, आणि त्याला शब्द देताना माझीच मान खाली.

२४ जून, शनिवार
शनिवारी सकाळची शाळा. अकराला क्लासवरून येता येता ऋ. ग्रंथालयात डोकावतेच. आज आल्या आल्या, "आत्या, तिसरा भाग आला म्हणं? सातवीची पोरगी सांगून राहिली होती."

नाही म्हणायला जीभ उचलेना. तोंडातून गेलं, "आलाय. पण शिलाई सुटली. बाइंडिंगला दिलाय हमीदभाईकडं."

"कधी येईल?"

"येईल की."

पुस्तक टेबलाच्या खणात. माझ्या गुडघ्याला खण लागत होता.

८ जुलै, शनिवार
विचारलं. बाइंडिंगला, म्हटलं. "हमीदभाईला क्लासच्या नोट्सचं काम लई आहे, आपलं मागं पडलं." एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतोच. गेल्या वर्षापासून शाळेनं हमीदभाईला एक कागद बांधायला दिलेला नाही.

१२ जुलै
तिसरा भाग वाचून झाला. या गोष्टीत एक नियम आहे. बोटीत बसून खोटं बोललं की तळाला भोक पडतं. पहिल्या भागात वाचलं तेव्हा गंमत वाटली होती.

ऋ. पहाटे पाचला उठते, सहाला क्लास, दुपारी क्लास, संध्याकाळी अभ्यासिका. कॉलेजचं तोंड बघितलेलं नाही, हजेरी लागते. जेवताना हातात केमिस्ट्रीच्या चिठ्ठ्या. वरणात बुडाली एक, चाटून पुसली. मी हसले, ती हसली नाही.

१९ ऑगस्ट, शनिवार
विचारलं. तेच सांगितलं. आज माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत उभी राहिली. "बरं," म्हणाली. दमली असेल.

३० सप्टेंबर, शनिवार
दसरा. आणि तीच तारीख, भूकंपाची.

आपट्याची पानं आणली नाहीत. ऋ.ची टेस्ट होती, दसऱ्यालाही. दुपारी आली, बसली, म्हणाली, "आत्या, सांग ना तेव्हाचं." तिचा बाप कधी सांगत नाही.

काय सांगू? आमचं गाव औशाच्या पलीकडं. आई गेली. अण्णा, आमचे वडील, सोलापूरच्या दवाखान्यात. मी सोळाची, बाळू तेराचा, पण पाच वर्षांच्या पोरागत माझा पदर सोडेना. या पुस्तकांमध्ये आई-बाप पहिल्याच प्रकरणात मरतात. लेखकाची सोय असते ती, पोरगं मोकळं होतं भटकायला. आई मेली की कुणी पांढरा घोडा घेऊन येत नाही. पत्र्याचं शेड येतं, आणि रांग.

लोकांनी कपडे पाठवले, भांडी पाठवली, एक खोकं पुस्तकांचंही. शहरातल्यांच्या माळ्यावरची रद्दी. त्यात मला एक सापडलं, उडणाऱ्या बेटाची गोष्ट, भाग दुसरा. पहिला नाही, तिसरा नाही. मी बाळूला वाचून दाखवायचे. संपलं तर म्हणाला, "पुढं?" पुढचा भाग मी तोंडानं केला. महिनाभर पुरवला. बेट खाली उतरतं आणि सगळी माणसं परत भेटतात, असा शेवट. तो त्याला खराच वाटला.

त्यानंतर मी मोठ्यांची पुस्तकं वाचलीच नाहीत. तिथंच अडकले, दुसऱ्या भागात.

ऋ. ऐकत होती. मग म्हणाली, "मंजे पप्पाला तिसरा भाग मिळाला." आणि उठून अभ्यासाला बसली. जाता जाता विचारलंच, "बाइंडिंगवरून आलं का?" सुट्टीच्या दिवशी, घरात. मी म्हटलं, नाही.

२१ ऑक्टोबर
दिवाळीला हिमायतनगर. बालाजीच्या खताच्या दुकानात तिचा फोटो लावलाय, खाली 'भावी डॉक्टर'. मी म्हटलं, "काढ ते. पोरीच्या मानेवर धोंडा कशाला?" तर म्हणाला, "आक्का, धोंड्याखालून निघालेली माणसं हाव आपण. धोंड्याची भीती न्हाई." गिऱ्हाइकं होती, टाळी दिली एकानं. मला उठून जावंसं वाटलं.

निघताना विचारलं त्याला, उडतं बेट आठवतं का. म्हणाला, "त्यानं काय दिलं आपल्याला?" झोप दिली, बाळू. रोज झोप दिली. म्हटलं नाही मी.

१६ डिसेंबर, शनिवार
विचारलं. तेच. आता तीही पाठ केल्यागत विचारते, मीही पाठ केल्यागत सांगते.

सातवीच्या पोरीला मात्र तिसरा भाग दिला. तिचा बाप क्लास लावणारा नाही, इस्त्रीचं दुकान. घरी नेताना वर्तमानपत्राचं कव्हर घाल म्हटलं, कुणाला दाखवू नको म्हटलं. चोरीचा माल असल्यासारखं. दुसऱ्याच्या पोरीला देते आणि माझ्या पोरीला नाही. कसली ग्रंथपाल मी?

१७ फेब्रुवारी २०१८, शनिवार
सकाळी विचारलं. सांगितलं, बाइंडिंगला.

दुपारी मु.अ.नी सराव प्रश्नसंचांची बांधणी करून आणायला सांगितली. दीड वर्षानं हमीदभाईच्या दुकानात गेले. गोलाईच्या बाजारामागच्या बोळात, बापाच्या वेळचं दुकान. चहा मागवला त्यांनी. मग सुई ओवता ओवता, "बाई, तुमची भाची लई गोड पोरगी हाय."

"कुठं बघितली?"

"आली होती ना. पंचमीच्या आसपास. म्हणली, चाचा, आत्यानं पुस्तक दिलंय, बांधून झालं नसलं तरी चालंल, हितंच बसून दोन पानं वाचते. मी म्हणलो, बेटा, तुझ्या आत्यानं यंदा एकबी पुस्तक आणलं न्हाई. मग म्हणली, आत्याला सांगू नका मी आल्ते."

"मग आज कामून सांगितलं?"

"तुमी आलाच न्हाई ना बाई इकडं. मला वाटलं, काम दुसऱ्याला देऊन राहिल्या आणि नाव माझं सांगून राहिल्या."

चहा तसाच ठेवून उठले.

नागपंचमी म्हणजे जुलै. घरी येऊन ही वही मागं चाळली. प्रत्येक शनिवार. विचारलं, सांगितलं, विचारलं, सांगितलं. सगळं माहीत असून विचारत होती. मी कधी खरं बोलते ते बघत होती, आणि मी दर शनिवारी नापास झाले. दसऱ्याला आईचं सांगितल्यावरसुद्धा. त्या दिवशी तरी बोलायचं होतं गं बाई.

२४ फेब्रुवारी, शनिवार
बारावीचे पेपर सुरू झालेत. आली. मी ठरवलं होतं आज सांगायचं.

"आलं का?"

"नाही गं."

परीक्षेच्या तोंडावर पोरीचं डोकं कशाला फिरवा, असं मनाला सांगितलं. झूट. भ्याले मी. सतरा वर्षांच्या पोरीला भ्याले.

१४ मार्च
काय केलं बघा आज. तिसरा भाग पिशवीत घालून हमीदभाईकडं गेले. म्हटलं, बांधून द्या.

उलटून पालटून बघितलं त्यांनी. "याला काय झालं? धडधाकट हाय."

"असू द्या. बांधा."

"चांगल्या पुस्तकाची पाठ मोडून बांधू? बाई, आमच्यात असलं काम करत न्हाईत." आणि पुस्तक दोन्ही हातांनी परत दिलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

६ मे, रविवार
'नीट' परीक्षा झाली. केंद्राबाहेर उन्हात आई-बापांची जत्रा. बालाजी आलेला. ऋ. बाहेर आली ती चालत गाडीत जाऊन बसली. "कसा गेला?" "गेला." एवढंच.

८ मे
आज गेली. दोन वर्षांचा संसार एका ट्रंकेत. गाइडं खाली रद्दीवाल्याला, नोट्स शेजारच्या हॉस्टेलच्या पोरीला.

बालाजी खाली रिक्षा बघत होता. मी पुस्तक आणलं, तिच्या हातात दिलं. किती वाक्यं जुळवून ठेवली होती.

तिनं पुस्तक उभं धरलं, पाठीवरून बोट फिरवलं. म्हणाली, "चांगलं बांधलंय हमीदचाचानं."

आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. पुस्तक ट्रंकेवर ठेवलं, पाया पडली. मीही "सुखी राहा" म्हटलं. गाडी गेल्यावर वर आले तर पुस्तक दिवाणावर, उशीला टेकवून. न्यायला विसरली असेल असं कुणी म्हणेल. ऋ. काही विसरत नाही. आम्हीच तिला तसं केलं, दोन वर्षं.

१० जून
निकाल लागून आठवडा झाला. सरकारी मेडिकल लागत नाही. बालाजी रिपीटर बॅच म्हणतोय, पुन्हा लातूर, या वेळी हॉस्टेलात. माझ्याकडं नाही. कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दुपारी फोन वाजला. ऋ. मागं दुकानाचा गलका.

"आत्या, तिसऱ्या भागाच्या शेवटी काय होतं?"

"तू वाच की. पाठवते."

"न्हाई. आता वाचायचं मन न्हाई. तू सांग. पप्पाला सांगितला होता तसला न्हाई. खरा सांग."

चार वेळा वाचलंय मी ते पुस्तक. शेवटचं पान डोळ्यांसमोर होतं. ती पोरगी बोटीत बसते, समोर तिला वाढवणारी म्हातारी, आणि म्हातारीला एक गोष्ट सांगायची असते.

"समोर आले की सांगते," म्हटलं.

मग, "मंजे शेवटबी बाइंडिंगला गेला का आत्या?"

हसून म्हणाली की कसं, कळलं नाही. गलका होता. मग फोन बंद झाला. तिनं ठेवला की रेंज गेली, तेही कळलं नाही.

संध्याकाळी स्टँडवर जाऊन नांदेडची पहिली गाडी कितीला, ते विचारून आले. पुढं हिमायतनगरला दुसरी धरावी लागते. पुस्तक पिशवीत टाकलंय. काय बोलायचं ते अजून जुळलेलं नाही.