बाई गोड बोलल्या

तीर्थरूप ताईस,
टक्कल पडत चाललेल्या धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या दटावणीचा मान राखून खोकला इथल्या डॉक्टरांना दाखवला. त्यांची वेळ मिळवणं म्हणजे तपश्चर्याच. फोन घेणाऱ्या बाई थेट दुर्वासांच्या कुळातल्या. मी म्हटलं, "खोकला फार आहे हो." त्या म्हणाल्या, "इथे येणाऱ्या सगळ्यांनाच काहीतरी असतं. पुढच्या महिन्यात या." महिन्याने गेलो, छातीचा फोटो काढला आणि पुन्हा पुढच्या महिन्याची तारीख घेऊन परतलो.

आज त्याच बाईंचा आपणहून फोन आला. "काका, सोमवारी सकाळी याल का? पहिली वेळ तुमच्यासाठी ठेवलीय."

"बाई, नंबर चुकला नाही ना?"

त्या चिडल्या नाहीत. "घरचं कुणीतरी सोबत आणा," म्हणाल्या. इथे घरचं कुणी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "बरं, मग मी बसेन तुमच्याजवळ."

ताई, त्यांनी मला नेहमीसारखं झापलं असतं तर किती बरं वाटलं असतं!

बाकी क्षेम. भूक थोडी कमी आहे, पण कॉलेजातली पँट पुन्हा कमरेला बसते. तुला हेवाच वाटेल. तुझे गुडघे कसे आहेत? इथवरचा प्रवास झेपेल का? सहज विचारतो. फोन मुद्दाम केला नाही. तू शब्दांच्या आधी आवाज ऐकतेस.

आईला एवढंच वाचून दाखव, की आता मला डॉक्टरांची वेळ मागावीसुद्धा लागत नाही.

तुला अजून घाबरणारा,
धाकटा